गाणं शिकायला आलोय, बरं व्हायला नाही

स्वमग्न मुलाला घेऊन एखादी आई गाण्याच्या क्लासमध्ये चौकशीला गेली, की तिला बहुतेक ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं. ‘आमच्याकडे जमणार नाही हो. तुम्ही याला म्युझिक थेरपीला का नेत नाही?’ सांगणारी माणसं दुष्ट नसतात. ती आपुलकीने बोलतात, ओळखीतल्या कुणाचा तरी नंबर काढून देतात, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात. प्रवेश मात्र देत नाहीत. आईने विचारलेलं असतं, ‘याला गाणं शिकवाल का?’ आणि मुलावर इलाज कुठे होतो याचा पत्ता घेऊन ती जिना उतरते.

मी गाणं शिकवते. संगीत-उपचारावर माझा राग नाही. ते काम नीट शिकून, सचोटीने करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे आणि तो का आहे हे पुढे सांगते. माझं भांडण आहे ते आपल्याकडे सर्रास मांडल्या जाणाऱ्या एका भूमिकेशी. दिव्यांग मुलांसाठी संगीत म्हणजे उपचार, आणि उपचाराची सोय झाली की त्यांना सामावून घेण्याचं आपलं काम संपलं, अशी ती भूमिका आहे. शाळांच्या माहितीपत्रकांत ती असते, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत असते, जागतिक दिव्यांग दिनाच्या भाषणांत तर हमखास असते. ऐकायला ती फार चांगली वाटते, म्हणून तिला कुणी हरकत घेत नाही. मला ती चुकीची वाटते, आणि या मुलांचं तिने नुकसान केलं आहे असंही वाटतं.

आधी उपचाराबद्दल बोलू. ही काही कालपरवाची टूम नाही. अमेरिकेत १९४४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात संगीत-उपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, १९५० मध्ये तिथे या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या सनफील्ड या संस्थेत पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष शिक्षक एकत्र आले आणि त्यांनी एक पद्धत घडवली. बोलत नसलेलं, कुणाकडे वळून न बघणारं मूल ड्रमवर एक थाप मारतं. पियानोवर बसलेला माणूस त्या थापेला धरून काहीतरी वाजवतो. मूल थांबलं की पियानो थांबतो. मुलाने लय वाढवली की पियानोही त्याच्या मागून पळतो. मूल किंचाळलं तर त्या किंचाळण्याचा सूर पकडून तिथून पुढची ओळ निघते. नवख्या गायकाला मुरलेला तबलजी जसा सांभाळून घेतो, तसंच हे आहे. मूल पुढे, वाजवणारा मागे. ज्या मुलाला दिवसभर सगळे जण ‘इकडे बघ, हे कर, ते करू नको’ सांगत असतात, त्याला निदान अर्धा तास कुणीतरी नुसतं ऐकतं. हे मोठं काम आहे आणि त्याला कान तयार लागतो.

मग त्याने काय साधतं? इथे प्रामाणिक राहायला हवं, कारण आपल्याकडे याच ठिकाणी सगळ्यात जास्त हवेत बोललं जातं. नॉर्वेतल्या संशोधकांच्या पुढाकाराने नऊ देशांत ४ ते ७ वर्षांच्या ३६४ स्वमग्न मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आले. एका गटाला नेहमीचं साहाय्य आणि जोडीला अशा उत्स्फूर्त संगीताची सत्रं, दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचं साहाय्य. पाच महिन्यांनी सामाजिक वागण्याशी निगडित लक्षणांची तीव्रता मोजली, तेव्हा दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. त्यानंतर २०२२ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या आढाव्यात २६ अभ्यास आणि १,१६५ व्यक्ती एकत्र घेतल्या गेल्या. मुलांच्या एकूण स्थितीत सुधारणा होण्याची शक्यता संगीत-उपचाराने बहुधा वाढते, जीवनमानही सुधारत असावं, अपाय वाढलेला दिसत नाही, असं त्यात निघालं. पण सामाजिक देवाणघेवाण आणि बोलणं यांत फरक पडतो, असा स्पष्ट पुरावा त्यातही मिळाला नाही.

म्हणजे संगीत-उपचार हे थोतांड नाही आणि जादूही नाही. काही मुलांचं जगणं त्याने थोडं सुसह्य होतं, आणि तेवढंच छातीवर हात ठेवून सांगता येतं. ‘संगीताने स्वमग्न मूल बोलायला लागतं’ असा फलक लावणारा माणूस त्या आईच्या आशेवर धंदा करतो आहे. अमुक आजारावर अमुक राग, झोपेसाठी दरबारी, रक्तदाबाला तमुक, अशा याद्या भ्रमणध्वनीवरून फिरतात आणि त्याच यादीत शेवटी ‘ऑटिझम’ही घातलेला असतो. यातल्या कुठल्या रागाची कुठे नीट चाचणी झाली, हे यादी पुढे ढकलणारा कधी विचारत नाही. पाश्चात्त्य जगही यातून सुटलेलं नाही. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला. मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकल्यावर आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांची थोडी प्रगती दिसली आणि ती पाव तासही टिकली नाही. एवढ्या आधारावर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटायला अंदाजपत्रकात पैसे मागितले. वाढत्या वयाच्या मुलांच्या आईबापांना काय विकता येतं, हे यातून दिसतं. त्यात आपल्याकडे पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात पुनर्वसन व्यावसायिकांची जी यादी आहे, तिच्यात वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत, संगीत-उपचारक नाहीत. उद्या कुणीही दारावर पाटी लावावी, अशी स्थिती आहे.

पण समजा, हे सगळं सुधारलं. उत्तम प्रशिक्षित उपचारक गावोगावी आले, पुरावाही भक्कम मिळाला. तरीही माझी तक्रार तशीच राहते, कारण ती उपचार लागू पडतो की नाही याबद्दल नाहीच.

माझ्याकडे येणाऱ्या इतर मुलांना मी कधी विचारत नाही, की यमन शिकल्याने तुझं गणित सुधारलं का? तुझा हट्टीपणा कमी झाला का? त्यांचे आईबापही विचारत नाहीत. मूल गातं, त्याला आवडतं, गुरुपौर्णिमेला चार माणसांपुढे बसून एक बंदिश म्हणतं, एवढं पुरतं. बेसूर गाणारी मुलंही वर्षानुवर्षं येतात, त्यांनाही मी हाकलत नाही. पण मूल स्वमग्न असलं, त्याला डाउन सिंड्रोम असला, त्याचं चित्त एका जागी ठरत नसलं, की त्याच्या प्रत्येक सुराचा हिशेब मागितला जातो. डोळ्याला डोळा देतोय का? सूचना पाळतोय का? जागेवर बसण्याचा वेळ वाढला का? गाणं तिथे असूनही कुणी गाण्याकडे बघत नाही. आणि सहा महिन्यांत हिशेब जुळला नाही की ‘म्युझिकचा काही उपयोग होत नाहीये’ म्हणून ते बंद करून त्या तासात दुसरी थेरपी घातली जाते. या मुलांचं वेळापत्रक कुणी पाहिलं आहे का? सकाळी ऑक्युपेशनल थेरपी, मग शाळा, मग स्पीच, मग बिहेवियर. जे आवडतं तेही उपचाराच्या रकान्यात टाकलं, तर त्या पोराने स्वतःसाठी म्हणून करायचं काय उरलं?

एका मुलाचं सांगते. वय दहाच्या आसपास, स्वमग्न, बोलणं अगदी मोजकं. ‘काळी दोन’मध्ये तानपुरा लावून त्याला भूप शिकवला. आरोह-अवरोह, सरगम, एक छोटी बंदिश, सगळं त्याने फार लवकर उचललं. मग एके दिवशी आधीच्या बॅचमधल्या मुलींसाठी ‘पांढरी पाच’ला लावलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा तसाच चालू राहिला होता. मी त्याला तीच बंदिश म्हणायला सांगितली. त्याने कानांवर हात ठेवले. पुन्हा सांगितलं तर उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची आई म्हणाली, ‘ताई, आज मूड नाहीये त्याचा.’ मूडचा काही संबंध नव्हता. त्याला निरपेक्ष स्वरज्ञान होतं. पेटीवरची प्रत्येक पट्टी तो नुसत्या कानाने ओळखायचा. आपण ‘सा’ हवा तिथे धरतो आणि बाकीचे सूर त्याच्या नात्याने लावतो. त्याच्या कानाला मात्र ते गाणं दुसऱ्याच ठिकाणी नेऊन ठेवलेलं होतं आणि मी त्याला चुकीचे सूर खरे मानायला सांगत होते.

असं स्वरज्ञान स्वमग्न लोकांत इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे संशोधकांनी नोंदवलेलं आहे. एरवी त्याचं केवढं कौतुक होतं! आपल्या पद्धतीत मात्र तोच कान आडवा येतो आणि त्यावर तोडगा गाणाऱ्या माणसालाच काढावा लागतो. आम्ही तानपुऱ्याचं बारीक ट्यूनिंगचं बटण घेतलं आणि ‘सा’ दर तासाला केसभर वर सरकवत नेला. तो ऐकायचा, भुवया उंचावायचा, कधी बटण स्वतःच मागे फिरवायचा. काही महिन्यांनी काळी दोन ते काळी तीन एवढ्या टापूत तो मोकळेपणाने गायला लागला. हा संगीताचा प्रश्न होता आणि संगीतानेच सुटला. त्याचं बोलणं वाढलं का, हे मी मोजलेलं नाही आणि त्यासाठी तो येतही नव्हता.

ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं, की स्वमग्न माणूस आणि इतर माणसं यांच्यातला संवाद तुटतो तो दोन्ही बाजूंनी. त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नसतो. फक्त दोष एकट्याच्या नावावर लिहिला जातो. तानपुरा आणि त्या मुलाच्या बाबतीत हे मला रोज डोळ्यांपुढे दिसत होतं.

आता दर्जाचा मुद्दा. माझ्या व्यवसायबंधूंचा हा सगळ्यात आवडता आक्षेप आहे. ‘सगळ्यांना घ्यायचं म्हटलं तर शास्त्रीय संगीताचा दर्जा राहील का? ही तपश्चर्या आहे.’ हे बोलणाऱ्यांतले बरेच जण ज्या परंपरेचं नाव घेतात, ती कुणी उभी केली हे त्यांनी आठवावं. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, नजर अधू झाली, शाळेचं शिक्षण पुढे जाईना. म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. बुवांनी त्यांच्यावर उपचार केले नाहीत, त्यांना ख्याल शिकवला. त्याच मुलाने पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलेखनाची पद्धत बसवली, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, आणि सभ्य घरांतल्या मुलामुलींना गाण्याचं दार उघडून दिलं. आज गल्लोगल्ली जे संगीताचे वर्ग चालतात, त्यांचा उगम नजर अधू असलेल्या एका माणसापाशी आहे.

कर्नाटकातल्या गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम तर आपल्या शेजारचाच. पंचाक्षरी गवई जन्मांध होते. त्यांनी तिथे अंध आणि गरीब मुलांना राहायला जागा, जेवण आणि गाणं दिलं. त्यांच्यानंतर पुट्टराज गवईंनी, तेही अंध, हे काम २०१० मध्ये देह ठेवेपर्यंत चालवलं. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आणि धारवाडचे बसवराज राजगुरू, ज्यांच्या गाण्याला महाराष्ट्रातल्या रसिकांनी डोक्यावर घेतलं, ते डोळस होते आणि पंचाक्षरी गवईंचे शिष्य होते. सामावून घेणं म्हणतात ते हे. अंध माणूस गुरूच्या आसनावर आणि डोळस विद्यार्थी समोर. कायम मदत घेणाऱ्याच्या जागी त्याला बसवलेलं नाही. दर्जा घसरला का?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अंध माणसाला आपण गाण्यात जागा दिली, ती अर्धवट दिली. ‘डोळे नाहीत म्हणून देवाने गळा दिला’ असं म्हणून दिली. त्यामुळे गळा नसलेल्या अंध मुलालाही पेटी घेऊन बसवलं गेलं, आणि ज्याचा गळा उत्तम होता तो लोकलच्या डब्यात स्पीकर गळ्यात अडकवून गात राहिला. स्वमग्न, मतिमंद म्हणून शिक्का बसलेल्या, हातपाय ताब्यात नसलेल्या मुलांच्या वाट्याला तर एवढंही आलं नाही. पण शिकवण्याची रीत आपल्याकडे तयार आहे, ती फक्त काहींसाठी वापरली गेली, हे गदगवरून कळतं. समोर बसवून, तोंडी, ऐकून घेऊन, एकच जागा पन्नास वेळा घोटून शिकवायची ही पद्धत वाचता न येणाऱ्या मुलाला किती सोयीची आहे! डिस्लेक्सिया असलेल्या मुलीला शाळेत जे जमत नाही, ते तालमीत जमतं, कारण तालमीत पुस्तक मधे येत नाही.

बाहेरच्या जगातली उदाहरणंही याच दिशेची आहेत. लुई ब्रेलने १८२९ मध्ये आपली ठिपक्यांची लिपी छापली, तेव्हा पुस्तकाच्या नावातच शब्दांबरोबर संगीत होतं. तो स्वतः ऑर्गन वाजवायचा. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली, अनवाणी पायांनी आणि अंगाने कंप घेत तालवाद्यं वाजवत राहिली, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात हजारभर ढोलवादकांच्या पुढे उभी होती. बोर्नमथ सिंफनी ऑर्केस्ट्राने २०१८ मध्ये दिव्यांग वादकांचा व्यावसायिक संच उभा केला. त्याचा संचालक जेम्स रोझ याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तो डोक्याच्या हालचालीने वाद्यवृंद चालवतो. त्याच्या वादकांना पगार मिळतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, दिव्यांग गायकांना बोलावलं जातं, शाल-श्रीफळ दिलं जातं, तबलजीला मानधन मिळतं आणि ज्याच्या नावावर कार्यक्रम आहे त्याला रिक्षाचे पैसेही मिळत नाहीत. ‘तुम्हाला संधी दिली’ असं वर सांगितलं जातं.

नाट्यगृहं बघा. रॅम्प असला तर तो प्रेक्षागृहाच्या दारापर्यंत असतो. रंगमंचावर जायला विंगेत पायऱ्या. व्हीलचेअरवरच्या गायिकेला चौघे जण खुर्चीसकट उचलून वर नेतात, खालून टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांत गाणं सुरू होण्याआधीच तिचं गाणं बाजूला पडलेलं असतं. असं एकदा मी विंगेतून पाहिलं आहे. उचलताना तिची साडी खुर्चीच्या चाकात अडकली होती, ती एका हाताने निऱ्या धरत होती आणि दुसऱ्या हातात तिची वही होती. बांधणाऱ्यांच्या डोक्यात दिव्यांग माणूस आलाच, तर श्रोता म्हणून आला. गाणारा म्हणून आलाच नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत कधीच उलटली.

त्याच कायद्याचं २९ वं कलम संगीतवाल्यांनी वाचावं. दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनाचा हक्क आहे, दिव्यांग कलावंतांना पाठबळ द्यायचं आहे, आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे नव्याने आखायचे आहेत, असं ते सांगतं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात तर आणखी पुढचं आहे. दिव्यांग माणसांच्या कलागुणांना वाव मिळावा तो त्यांच्या स्वतःच्या फायद्यापुरता नाही, समाज समृद्ध व्हावा यासाठीही, असं त्याचं ३० वं कलम म्हणतं. यात उपचाराचं नावही नाही.

अभ्यासक्रम नव्याने आखायचा म्हणजे सोपा करायचा, असा गैरसमज आहे. संगीताच्या परीक्षेत मुलाला हातावर टाळी-खाली दाखवत ठेका म्हणायला सांगतात. ज्याचा हात वर जात नाही, त्याने काय करायचं? परीक्षकाला बघायचं असतं की सोळा मात्रा, चार विभाग, सम आणि खाली मुलाला कळलंय की नाही. ते पायाने दाखवता येतं, मान हलवून दाखवता येतं, तबल्याचा ठेका चालू ठेवून ‘सम आली की डोळे मिट’ असंही विचारता येतं. तोंडी परीक्षेत बोलणं न फुटणाऱ्या मुलीला रागाचं नाव चिठ्ठ्यांतून उचलू द्या. अनोळखी परीक्षक, अनोळखी खोली आणि गर्दीने ज्याचा धीर सुटतो, त्याला आदल्या दिवशी ती खोली दाखवा आणि त्याची वेळ सकाळची पहिली द्या. तीनताल तोच राहतो. मध्यमा परीक्षेची काठिण्यपातळी तीच राहते.

‘हे हुशार मुलांपुरतं ठीक आहे, पण ज्यांना काहीच कळत नाही त्यांचं काय?’ हा प्रश्न मला नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. ज्याला आधाराशिवाय बसता येत नाही, शब्द कळतात की नाही हेही सांगता येत नाही, त्याला गाणं कसलं शिकवणार? त्याला उपचारच ठीक. मला हे मान्य नाही. इंग्लंडमधले अ‍ॅडम ऑकेलफर्ड यांनी अंध आणि स्वमग्न पियानोवादक डेरेक पॅराव्हिचिनीला लहानपणापासून शिकवलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतितीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी संगीताच्या वाढीचा एक आराखडाच केला आहे. आवाजाची जाणीव होणं, आवाजात फरक कळणं, पुनरावृत्ती ओळखणं, मग तुकडे जोडणं, असा तो चढत जातो. म्हणजे तानपुरा थांबल्यावर ज्याची बोटं हलायची थांबतात, तोही या वाटेवर कुठेतरी उभा आहे, आणि ती वाट संगीताची आहे. आपल्या गावातल्या भजनी मंडळाला हे आराखड्याशिवाय कळतं. तिथे टाळ धरायला कुणी प्रमाणपत्र मागत नाही. लयीत पडला तर बरं, नाही पडला तर शेजारचा जरा जोरात वाजवतो.

त्याच गावात गणपतीत काय होतं, तेही बोलायला हवं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डीजेच्या भिंतीपुढे ती कागदावरच राहते. ज्या मुलाला मिक्सरचा आवाज सुईसारखा टोचतो, त्याच्या खिडकीखाली ती भिंत तासन्‌तास उभी असते. माझ्या ओळखीची कुटुंबं विसर्जनाच्या दिवशी मुलाला घेऊन गाव सोडतात. ही मुलं आवाजाबद्दल सांगत आहेत ते म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना, आजाऱ्यांनाही लागू आहे. मुलं फक्त ते लपवू शकत नाहीत. त्यांच्या कानांची पर्वा नसलेल्या समाजाने त्यांना राग ऐकवून बरं करायच्या गोष्टी सांगू नयेत.

पैशाचा युक्तिवाद मला समजतो. शाळा चालवणारे म्हणतात, ‘थेरपी म्हटलं तर देणगीदार पैसे देतात, संस्था खोली देते. नुसतं गाणं म्हटलं तर कोण देणार?’ संस्थेने अर्जात काय लिहावं हे मी सांगणार नाही. पण खोलीच्या आत काय चालतं ते तपासावं. मुलाला कुठली गाणी आवडतात हे त्याला विचारलंय का? तो नको म्हणू शकतो का? त्याने केलेली चाल दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात असते का? आणि प्रगतीच्या तक्त्यात गाण्याबद्दल एखादं तरी वाक्य असतं का?

गाणं शिकवणाऱ्यांनो, आपल्याला फार काही नवं करायचं नाही. बॅच लहान ठेवा. वेळ आणि जागा बदलू नका, बदलायचीच असली तर दोन दिवस आधी सांगा. ट्यूबलाइट फडफडत असेल तर आधी ती बदला. मोठ्या आवाजाचं वाद्य वाजवण्याआधी सूचना द्या. मूल फेऱ्या मारत ऐकत असेल तर मारू द्या. मैफलीत आपण मांडीवर ताल धरतो, डोलतो, मधेच ‘वा’ म्हणतो, ते कुणाला खटकत नाही. फी घ्या, कमी करायची तर सगळ्या गरजूंना करा, पण फुकट शिकवून उपकार करू नका. गुरुपौर्णिमेला त्याला शेवटी ‘विशेष सादरीकरण’ म्हणून ठेवू नका, यादीत त्याच्या इयत्तेप्रमाणे येईल तिथे बसवा. आणि खरोखर झेपत नसेल, तर ‘मला हे येत नाही, मी शिकून घेते, चार महिन्यांनी या’ असं सांगा.

राहिली इतर पालकांची भीती. क्लासवाले सगळ्यात जास्त तिलाच घाबरतात, पण हे कुणी उघड बोलत नाही. माझ्या बुधवारच्या बॅचमध्ये डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी आहे. तिला बंदिशीची पहिली ओळ फार आवडली की ती मधेच मोठ्याने म्हणते, सगळे अंतऱ्यावर गेले तरी. एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडम, हिच्यामुळे आमच्या मुलीची विशारदची तयारी मागे पडतेय. हिच्यासाठी वेगळी बॅच नाही का करता येणार?’ मी म्हटलं, बुधवारची बॅच तिची आहे, तुमच्या मुलीला गैरसोय होत असेल तर शनिवारी जागा आहे. त्यांनी मुलीला शनिवारी हलवलं. बुधवारची बॅच आहे तशीच चालू आहे, आणि सध्या आम्ही दुर्गा शिकतो आहोत.